वाचकांचे प्रश्न : संगजिऱ्याचा दगड

प्रश्न : संगजिऱ्यावर कोरीवकाम शिकतो आहे. पॉलिश पेपर मारल्यावर ओला दगड छान गुळगुळीत दिसतो, पण वाळला की पांढरे ओरखडे वर येतात. पातळ भागांचे पापुद्रेही सुटतात. काय चुकतंय?

उत्तर : ओरखडे आधीपासूनच होते, पाण्याने ते झाकले एवढंच. या दगडातलं मुख्य खनिज टाल्क. मोस मापावर त्याची कठिणता 1, म्हणजे नखापेक्षाही मऊ. कागदाच्या प्रत्येक दाण्याने चर पडतो. चरातली भुकटी वाळली की पांढरी दिसते.

वॉटर पेपर जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे, म्हणजे 120, 220, 400, 600 याच क्रमाने वापरा, एकही टप्पा गाळू नका. दर टप्प्याला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला. मग दगड धुऊन पूर्ण वाळू द्या आणि तिरप्या उजेडात बघा. आधीच्या कागदाची एकही रेघ दिसली, तर पुढचा कागद हातात घेऊ नका. बहुतेकांचं काम 120 वरच घाई केल्याने बिघडतं. शेवटी मिनरल ऑइल चोळा, रंग गडद होतो. खाद्यतेल नको, ते चिकट होतं.

पापुद्र्यांचं मूळ दगडाच्या थरांत आहे. ठोकळा ओला केला की शिरा दिसतात. हातापायांसारखे बारीक भाग शिरेला आडवे येणार नाहीत, असा आराखडा बसवा. पातळ जागी छिन्नी ठोकू नका, कानस चालवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही खाणींच्या दगडात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते श्वासातून फुफ्फुसात गेले तर घातक ठरतात. दगड अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याची विक्रेत्याकडून खात्री करूनच घ्या. तरीही घासकाम ओलंच करा, एन-95 मास्क लावा आणि भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसा. कोरडं ग्राइंडर घरात चालवूच नका.

प्रश्न : कोरलेली वस्तू भाजून कडक करता येते का?

उत्तर : येते. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा याच दगडात कोरून भाजलेल्या आहेत. साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला टाल्कमधलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि एन्स्टॅटाइट हे बरंच कठीण खनिज तयार होतं. गॅसच्या शेगडीवर हे जमणार नाही, भट्टीच हवी. तापमान फार सावकाश चढवा, तितक्याच सावकाश उतरवा. मणी, मुद्रा अशा छोट्या वस्तू टिकतात; जाड मूर्तीचा गाभा आणि पृष्ठभाग सारखे तापत नाहीत, म्हणून ती तडकते.