मूर्तिपूजा, प्रतिमावंदन आणि ‘आयडॉलट्री’

प्रश्न असा आहे. चर्चच्या इतिहासावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना विचारणाऱ्यानं लिहिलं, ‘१६व्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी मूर्तिपूजेविरुद्ध मोहीम उघडली, तर कॅथलिक चर्चनं मूर्तिपूजेचं समर्थन केलं.’ तपासणाऱ्यानं दुसऱ्या ‘मूर्तिपूजे’भोवती लाल वर्तुळ काढलं. मूळ मजकुरात पहिल्या जागी ‘आयडॉलट्री’ आहे आणि दुसऱ्या जागी ‘व्हेनरेशन ऑफ इमेजेस’. मराठीत दोन्ही मूर्तिपूजाच, मग चुकलं कुठे? आणि जाता जाता, ‘आयकॉनोक्लास्ट’ला ‘मूर्तिभंजक’ चालेल का?

वर्तुळ अगदी योग्य जागी पडलंय. फिर्यादी आणि आरोपी दोघांच्या तोंडी एकच शब्द घातल्यामुळे या वाक्यात आरोपीनं परस्पर गुन्हा कबूल करून टाकलाय. ‘आयडॉलट्री’ हे पाप आहे, याबद्दल कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांच्यात तसूभरही मतभेद नाही. भांडण एवढंच की चित्रापुढे मेणबत्ती लावणं, पुतळ्यापुढे गुडघे टेकणं, क्रुसाचं चुंबन घेणं या गोष्टी त्या शब्दात बसतात का. म्हणजे मुळात ही शब्दचर्चाच. फक्त हिच्यापायी चित्रं जाळली गेली आणि माणसं हद्दपार झाली, तेवढं आपल्याकडे सहसा होत नाही.

अडचणीचं मूळ आपल्या ‘मूर्ती’ या शब्दात आहे. हा शब्द ‘मूर्छ्’ धातूतून येतो. घट्ट होणं, आकार धरणं हा त्याचा एक अर्थ. जे आकाराला आलं ते मूर्त, न आलं ते अमूर्त. शब्दाच्या पोटात निंदा कुठेच नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हणताना आपण माणसाबद्दल बोलत असतो, दगडाबद्दल नाही. ‘मूर्तिमंत’ हे तर विशेषणच आहे. साहजिकच ‘मूर्तिपूजा’ हा मराठीत एक वर्णनपर शब्द आहे. कुणी ती करतो, कुणी करत नाही.

‘आयडॉल’ची जातकुळी वेगळी. ग्रीक ‘एइदोलोन’चा जुना अर्थ छाया, आभास. होमरच्या काव्यात मेलेल्यांच्या ज्या सावल्या भेटतात त्यांना हा शब्द आहे. हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी परक्या देवांच्या मूर्तींसाठी नेमका हाच शब्द उचलला. आकार आहे पण आत कुणी नाही, असा टोमणा त्यात बसतोच. मग त्याला ‘लात्रेइआ’, म्हणजे देवाची म्हणून करायची सेवा, जोडून ‘एइदोलोलात्रेइआ’ झालं आणि त्याचंच पुढे ‘आयडॉलट्री’. शब्द जन्मल्यापासून आरोपाचा आहे. स्वतःबद्दल तो कुणी वापरत नाही, जसं ‘मी अंधश्रद्धा पाळतो’ असं कुणी अभिमानानं सांगत नाही. (आज मात्र ‘तो माझा आयडॉल आहे’ हे कौतुकानं म्हणतात. दोन हजार वर्षांची शिवी अशी बिनबोभाट पदवी झाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.)

त्याच ग्रीकमध्ये दुसरा शब्द होता, ‘एइकोन’, आजचा आयकॉन. हा सरळ, कधी कधी फार मोठा शब्द. प्रचलित मराठी बायबल यासाठी कुठे काय वापरतं ते पाहण्यासारखं आहे. देवानं माणूस घडवला तो आपल्या ‘प्रतिरूपाचा’. पौलाच्या पत्रात ख्रिस्त हा अदृश्य देवाचं ‘प्रतिरूप’. दोन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये एइकोन. आणि कराचं नाणं हातात घेऊन येशू विचारतो, हा ‘मुखवटा’ व हा लेख कोणाचा, तिथेही एइकोनच. भाषांतरकारांनी एकाच शब्दाला ख्रिस्तासाठी प्रतिरूप आणि रोमन सम्राट कैसरासाठी मुखवटा दिला. मला हे फार आवडतं.

दहा आज्ञांमधल्या ज्या आज्ञेवर सगळा वाद उभा आहे तिथे हिब्रू शब्द ‘पेसेल’ आहे, कोरणे या धातूवरून आलेला. मराठी बायबलातली ‘कोरीव मूर्ती’ ही त्याची अगदी जवळची सावली. ग्रीक भाषांतरात तिथे एइदोलोन आलं. एका बाजूनं वाचलं तर मनाई कोरण्याला आहे, दुसऱ्या बाजूनं वाचलं तर खोट्या देवाला. आज्ञांच्या क्रमांकातही हा फरक उतरलाय. ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेतली चर्चेस हिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात. कॅथलिक आणि लूथरन प्राचीन धर्मचिंतक ऑगस्टिनला अनुसरून ती पहिलीतच धरतात आणि दहाची संख्या भरायला शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. ‘कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली’ हा जुना आरोप या मोजणीतून निघतो. गाळलेली नाही. पण प्रश्नोत्तरीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतल्या, आटोपशीर यादीत पहिल्या आज्ञेचं फक्त पहिलं वाक्य छापलं की ती दिसत नाही, हेही खरं.

वस्तू तीच आणि शब्द बदलतो, याचं उत्तम उदाहरण बायबलातच आहे. रानात साप चावून लोक मरू लागले तेव्हा मोशेनं देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप करून खांबावर टांगला. त्याकडे पाहील तो वाचे. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. त्याचं नाव नहुश्तान, हिब्रूतला ‘साप’ आणि ‘पितळ’ हे दोन्ही शब्द त्यात ऐकू येतात. पितळ तेच, साप तोच. बदललं ते लोकांचं वागणं. प्रतिमांच्या वादातल्या दोन्ही पक्षांनी हा साप आपापल्या बाजूनं साक्षीला उभा केला आहे.

आता ‘पूजा’. खरा घोटाळा इथे आहे, आणि तो करणारे आपण पहिले नाही. पूर्वेकडच्या ग्रीकभाषक बायझंटाइन साम्राज्यात ८व्या शतकात सम्राट तिसरा लिओ आणि त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन यांनी प्रतिमांविरुद्ध आघाडी उघडली. ७५४ च्या हिएरिया धर्मसभेनं प्रतिमांना बंदी घातली, ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेनं ती उठवली. हिएरियाच्याही आधी दमास्कसच्या योहान या धर्मपंडितानं प्रतिमांच्या बचावाची मांडणी करून ठेवली होती. त्याचा गाभा मराठीत विलक्षण नेमका उतरतो. देव अमूर्त होता तोवर त्याचं चित्र काढणं शक्यच नव्हतं. पण ‘शब्द देही झाला’, देव ख्रिस्ताच्या रूपानं माणूस झाला, म्हणजे अमूर्त मूर्त झालं, मग त्याचं चित्र नाकारणं म्हणजे तो देही झाला हेच नाकारणं. आपल्या ‘मूर्ती’ला एइदोलोन म्हणून राबवताना गुदमरायला होतं, ती या युक्तिवादात मात्र मोकळा श्वास घेते.

निकेयानं दोन शब्दांत रेघ मारली. लात्रेइआ फक्त देवाला. प्रतिमेला ‘प्रोस्किनेसिस’, म्हणजे लवून केलेलं वंदन, आणि चुंबन. प्रोस्किनेसिस माणसालाही चालतं: ग्रीक बायबलात अब्राहाम जमीन विकत घेताना हेथी लोकांपुढे लवतो तिथे हेच क्रियापद आहे. सभेत याला एक सुंदर पुरावा दिला गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतानाला येशू उत्तर देतो, ‘परमेश्वर तुझा देव ह्याला नमन कर व केवळ त्याचीच उपासना कर.’ त्यांचं म्हणणं असं, की ‘केवळ’ हा शब्द उपासनेला लागलाय, नमनाला नाही. मराठी वाक्य पुन्हा वाचा. ‘केवळ’ तिथेही बरोबर दुसऱ्या क्रियापदालाच चिकटलाय. गंमत म्हणजे योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानात आत्म्यानं व खरेपणानं ‘उपासना’ करा असं जे आहे, तिथे मूळ क्रियापद प्रोस्किनेसिसचं. म्हणजे मत्तयात ज्याचं नमन केलं, त्याचीच योहानात उपासना झाली. भाषांतरकारांना दोष देत नाही. संदर्भ पाहून शब्द निवडावा लागतो. पण रेघ किती पातळ आहे ते यावरून कळावं.

निकेयाचं इतिवृत्त लॅटिनमध्ये गेलं तेव्हा ती रेघ पुसलीच गेली. प्रोस्किनेसिसला ‘आदोरातिओ’ हा शब्द लावला, जो पाश्चिमात्य कानांना देवाच्या आराधनेसारखा ऐकू येई. सायप्रसच्या कॉन्स्टंटाइन नावाच्या बिशपनं म्हटलं होतं, मी प्रतिमांना मान देतो, पण लात्रेइआ केवळ त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाला) वाहतो. लॅटिन प्रतीत हे उलटं झालं: त्रैक्याला जी आराधना तीच प्रतिमांना. पश्चिमेकडच्या फ्रँकांचा राजा शार्लमेनच्या दरबारी पंडितांनी हे वाचलं, त्यांचा संताप झाला, आणि ७९४ मध्ये फ्रँकफुर्टच्या सभेनं ग्रीकांचा तीव्र निषेध केला, अशा मतासाठी जे ग्रीकांचं नव्हतंच. सगळं खापर भाषांतरावर फोडता येणार नाही; नीट भाषांतर हाती असतं तरी त्या पंडितांना ग्रीकांची चुंबनं पटली नसती. चित्र हे शिकवण्यासाठी आणि शोभेसाठी, इतपतच त्यांची तयारी होती. तरीही आपल्या प्रश्नकर्त्याच्या वाक्यात लाल वर्तुळानं जे पकडलं, ते फ्रँकफुर्टला निसटलं होतं.

या भेदाला दाद न देणाऱ्यांचीही बाजू शब्दांनीच लढवली गेली, आणि ती लेचीपेची नाही. लॅटिन परंपरेत देवासाठी ‘लात्रिआ’ आणि संतांसाठी ‘दुलिआ’ अशी वाटणी रूढ झाली. दुलिआ ग्रीक ‘दुलेइआ’वरून, आणि दुलेइआ म्हणजे दास्य. कॅल्विननं नेमकं इथे बोट ठेवलं: तुम्ही म्हणता आम्ही प्रतिमांची पूजा करत नाही, फक्त दास्य पत्करतो, अहो, दास्य हे पूजेहून जड की हलकं? ज्याला मान द्यायला आपली हरकत नसते त्याची चाकरी करायला मात्र जिवावर येतं. यावर ‘व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे’ असं उत्तर देता येतं आणि ते बरोबरही आहे. पण गुडघे टेकलेल्या माणसाच्या मनात लात्रिआ चाललीय की दुलिआ, हे बाहेरून कसं कळणार, हा त्याचा खरा सवाल या उत्तरानं मिटत नाही. १५६३ साल या दृष्टीनं मजेदार आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला निघालेल्या प्रोटेस्टंटांच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीनं ‘सामान्यांची पुस्तकं’ म्हणूनही चर्चमध्ये चित्रं नकोत असं सांगितलं, आणि डिसेंबरात कॅथलिकांच्या ट्रेंटच्या सभेनं ती ठेवावीत, मान द्यावा, मात्र त्यांच्यात काही दैवी शक्ती आहे असं मानू नये, मान मूळ व्यक्तीला पोचतो, असा ठराव केला. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर या दोघांच्या मधे कुठेतरी. १५२२ मध्ये विटेनबर्गला चित्रांविरुद्ध गडबड उसळली तेव्हा त्यानं येऊन ती थांबवली. सूर्याचंद्राचीही पूजा होते, म्हणून ते आकाशातून ओढून काढायचे का, असं त्यानं प्रवचनात विचारलं.

‘आयकॉनोक्लास्ट’बद्दल. रूढ समजुतींवर घाव घालणारा लेखक, या लाक्षणिक अर्थी ‘मूर्तिभंजक’ मराठीत पक्का रुळलाय, त्याला हात लावू नका. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये चर्चमधले पुतळे फोडले गेले तिथेही तो चालेल. बायझंटाइन संदर्भात मात्र तो वाचकाच्या डोळ्यापुढे चुकीचं चित्र उभं करतो. वाद होता तो मुख्यतः लाकडी फलकांवरच्या आणि भिंतींवरच्या चित्रांचा. पौर्वात्य चर्चमध्ये सुट्या उभ्या पुतळ्यांची परंपरा जवळपास नाहीच. मॉस्कोत जपलेल्या ‘ख्लुदोव स्तोत्रसंहिते’त, म्हणजे ९व्या शतकातल्या एका हस्तलिखितात, समासातलं एक चित्र आहे. वर क्रुसावर ख्रिस्त, एक शिपाई काठीच्या टोकाला आंबेचा (व्हिनेगारचा) बोळा लावून त्याच्या तोंडाशी नेतोय. खाली प्रतिमाविरोधी मंडळी अगदी तशाच लांब काठीच्या टोकाला बोळा लावून ख्रिस्ताच्या गोल चित्रावर चुना फासतायत, आणि चुन्याचं भांडं पायाशी. ८४३ मध्ये प्रतिमा कायमच्या परतल्या, त्या विजयी पक्षाचं हे व्यंगचित्र. यात हातोडा नाही, चुना आहे. तेव्हा इथे ‘प्रतिमाभंजक’ म्हणा. ‘भंजन’ही खटकत असेल तर सरळ ‘प्रतिमाविरोधी’. (आणि मूर्तिपूजा, मूर्तिभंजक यांतली ‘ति’ ऱ्हस्व. सुटी ‘मूर्ती’ दीर्घ असली तरी समासात पहिलं पद आलं की तत्सम शब्द मूळ रूप धरतो. तुमच्या मजकुरात हे बरोबर आहे, पण छापणारे हमखास बदलतात.)

राहता राहिलं ‘आयडॉलट्री’. बायबलच्या अवतरणात ‘मूर्तिपूजा’च ठेवा, तिथे तो रुळलेला पारिभाषिक शब्द आहे, आणि पौल लोभालाही मूर्तिपूजा म्हणतो तेव्हा त्याला लाकूड-दगड अभिप्रेत नाही हे वाचकाला कळतं. इतिहासलेखनात मात्र तो आरोप करणाऱ्याच्याच तोंडी असू द्या. देवासाठीच्या लात्रेइआला ‘आराधना’ आणि प्रतिमेच्या मानाला ‘वंदन’ असा मी भेद पाळतो. ‘पूजन’ नको, ते पुन्हा पूजेतच जाऊन मिसळतं. ‘प्रतिमावंदन’ थोडं घडीव वाटतं खरं, पण चालून जातं. मग तुमचं वाक्य असं होईल: ‘१६व्या शतकात अनेक प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या प्रतिमांना मूर्तिपूजा ठरवून त्यांविरुद्ध मोहीम उघडली, तर कॅथलिक चर्चनं हा आरोप नाकारून प्रतिमावंदनाचं समर्थन केलं.’ ‘अनेक’ मी घातलाय, तो काढू नका. तो लूथरसाठी आहे.