फिनाले की सिबेलियस? आधी माझ्या भैरवाचा बिलावल कसा झाला ते वाचा

पेटी आणि गायन शिकवता, मुलांना द्यायला नोटेशन (स्वरलिपी) टाइप करायचंय, त्यासाठीच्या सॉफ्टवेअरपैकी फिनाले घेऊ की सिबेलियस, असा तुमचा प्रश्न. फिनालेचा विषयच संपला, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनेच ते बंद केल्याचं जाहीर केलं. आणि तुमची मुलं पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन वाचत नसतील तर सिबेलियसला पैसे कशाला घालवताय?

माझं ऐका. मस्कतची एक मुलगी माझ्याकडे ऑनलाइन शिकायची. भैरव राग सुरू करायचा होता, म्हणून मी रात्री बसून तीनतालाचा तक्ता केला. १६ रकाने, दर चार मात्रांनी जाड रेघ, खाली सम, टाळी, खालीच्या खुणा × २ ० ३, आणि कोमल रे-धच्या खाली अधोरेखा. अगदी छापील पुस्तकासारखं. मग त्यातल्या ओळी उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवल्या, लिहिलं, "पेटीवर वाजवून ठेव." तिकडे रेघा सगळ्या गळाल्या! उरलं काय, तर सा रे ग म प ध नि सां. पोरीने आठ दिवस इमानदारीत घोकलं आणि पुढच्या तासाला शुद्ध रिषभ, शुद्ध धैवत लावून खणखणीत बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेला राग, ऐकवला. मी ओरडले. तिच्या आईने शांतपणे माझाच मेसेज पुढे केला.

आमच्या ह्यांचं तेव्हापासून एकच, "पीडीएफ पाठवायची होतीस." माझं म्हणणं, मी गायले असते आणि तिने स्वतः वहीत लिहिलं असतं, तर रेच्या खालची ती रेघ तिच्याच हाताने ओढली गेली असती. ती गळत नाही. आता माझ्याकडे सगळे पेन्सिलने लिहितात. झेरॉक्स मिळणार नाही, पालक कितीही कुरकुरले तरी. टाइप केलेलं नोटेशन शिक्षकाच्या सोयीचं असतं, मुलाच्या नव्हे.

टाइप करायचंच असेल तर साधा तक्ता पुरतो. फक्त स्वरलिपी भातखंडे पद्धतीची की पलुस्कर पद्धतीची ते आधी ठरवा. डोक्यावरचा बिंदू भातखंड्यांकडे तार सप्तकाचा, पलुस्करांकडे मंद्राचा. दोन्ही पुस्तकांतून उतरवून सरमिसळ केलीत तर मुलं एक सप्तक वर-खाली भटकतील.

कीबोर्ड किंवा गिटारवाली, ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीत परीक्षांची मुलं असतील तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं विसरा. म्यूझस्कोअर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, वाजवून दाखवतं, पट्टी बदलून देतं, शिकवण्यापुरतं भरपूर आहे. त्यात भैरव मात्र घालू नका, त्याच्या आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणाऱ्या रिषभाला तिथे कोणी वाली नाही.

आणि पाठवाल ते पीडीएफच पाठवा, वर पहिल्या ओळीत अक्षरांत लिहा, "रे, ध कोमल." मी हल्ली तसंच करते. ह्यांचं म्हणणं, मग चार वर्षं वाद कशासाठी घातलास?