शास्त्रीय संगीत ऐकत आलो आहे. जॅझची सुरुवात कुठल्या लाइव्ह अल्बमनं करू?

ख्याल-ठुमरी ऐकून कान तयार आहे, पण जॅझ लावलं की पाच मिनिटांत धागा सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही 'शक्ती' या बँडचा 'शक्ती विथ जॉन मॅक्लॉफलिन' हा अल्बम लावा. ५ जुलै १९७५ ला अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात झालेली ही मैफल. रेकॉर्ड आली १९७६ मध्ये. गिटारवर मॅक्लॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर (म्हणजे मातीच्या मडक्यावर) विनायकराम, मृदंगमवर राघवन. ड्रमसेट नाही, बेस नाही, पियानो नाही.

आम्ही हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो नागपुरात, धरमपेठेतल्या घरी, मे महिन्यात, कॅसेटवर. बाहेर पारा ४५ ला टेकलेला, खिडकीत खसचा कूलर धडधडत होता. पहिली रचना 'जॉय' सुरू झाली आणि मिनिटभरात बाबांनी उठून कूलर बंद केला. "घटम बुडतोय यात," म्हणाले. पुढची सतराएक मिनिटं आम्ही घामानं निथळत ऐकत होतो. बाबांचं आयुष्य मैफली ऐकण्यात गेलेलं, जॅझशी संबंध शून्य. पण गिटारनं एक जागा घेतली, व्हायोलिननं ती उचलून भलतीकडेच नेली, तसा त्यांचा हात पलंगाच्या काठावर मात्रा मोजायला लागला.

तुमचा धागा का सुटतो, तर जॅझमध्ये सहसा कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचं, एक आवर्तन फिरत असतं आणि वादक त्यावर उपज करतो. आपला कान एका षड्जाला बांधलेला. कॉर्ड बदलली की पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. 'शक्ती'त हा आधार बराचसा स्थिर राहतो, म्हणून उपजेकडे लक्ष देता येतं. सवाल-जवाब तर तुम्हाला लगेच ओळखू येतील.

मॅक्लॉफलिन आधी जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबत वाजवलेला, मग स्वतःच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या बँडमध्ये कर्कश इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस. तो वीणा शिकला. 'शक्ती'साठी त्यानं खास गिटार करवून घेतली: पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार खेचून मींड घेता यावी, आणि मुख्य सहा तारांखाली तिरक्या सात तारा, आपल्या तरफेसारख्या. हौसेपोटी सतार हातात घेणारे पुष्कळ झाले. वाद्यच बदलून घेण्याइतकी आस्था मला इथे दिसते. आणि मेळ नुसता पूर्व-पश्चिमेचा नाही. झाकीरभाई हिंदुस्थानी, बाकीचे तिघे कर्नाटक पद्धतीचे. तेही एकमेकांची भाषा समजून घेत होते.

'जॉय' दोनदा ऐका, दुसऱ्यांदा फक्त घटमकडे कान ठेवून. मग 'लोटस फीट', पाच मिनिटांपेक्षा कमी, अगदी शांत. झाकीरभाई गेले त्या डिसेंबरात मी तेवढंच लावत होतो. तिसरी रचना जवळजवळ २९ मिनिटांची आहे. तिच्यासाठी वेगळी रात्र ठेवा, आणि कूलर आहे तो बंदच करा.