विकीवर एकाच वेळी अनेकांनी लिहायचं प्रायोगिक एक्स्टेंशन टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात अहिराणी शब्दांचा कोश मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच सॉफ्टवेअरवर, चालू आहे, रविवारी सात-आठ जण एका खोलीत बसून तो भरतात, एकाच पानावर दोघं आले की ‘एडिट कॉन्फ्लिक्ट’ येऊन एकाचं लिहिणं अडकतं. तर गूगल डॉक्ससारखं लाइव्ह लिहू देणारं एक्स्टेंशन, म्हणजे विकीला वरून जोडायचा भाग, ज्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का आहे, ते बसवावं का?

बसवा, पण कोशाच्या खऱ्या पानांवर नको. रविवारच्या बैठकीसाठी एक वेगळं कच्चं पान ठेवा, तिथं लाइव्ह लिहा, आणि पक्कं झालेलं नेहमीसारखं जतन करून विकीत आणा. मी जळगावात असाच एक छोटा विकी सांभाळतो, सर्व्हरपासून टायपिंगपर्यंत, त्यामुळे कारणं जरा सविस्तर सांगतो.

आधी एक तपासा: तुमचे कॉन्फ्लिक्ट खरे किती आणि फुकटचे किती. दोघांचे बदल आपोआप जोडणं मीडियाविकीला येतं. त्यासाठी तो सर्व्हरवरचा डिफ-थ्री नावाचा जुना प्रोग्राम वापरतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तो बरेचदा नसतोच, किंवा लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता दिलेला नसतो. मग एकानं पानाचा माथा बदलला, दुसऱ्यानं तळ, तरी विकी हात वर करतो. शिवाय डिफ-थ्री ओळींच्या हिशोबानं चालतो, आणि एंटर मारेपर्यंतचा सगळा मजकूर त्याच्या लेखी एकच ओळ. तुम्ही एका शब्दाचे पाच अर्थ एकाच परिच्छेदात सलग लिहीत असाल तर कुठल्याही दोन बदलांची टक्कर होणारच. एकेक अर्थ वेगळ्या ओळीवर घ्या, मध्ये रिकामी ओळ सोडा, एका शब्दाला एक पान ठेवा. लाइव्ह एडिटिंगचा विचार त्यानंतर करा. कदाचित त्याची गरजच उरणार नाही.

उरली, तर आतमध्ये काय घडतं ते माहीत असलेलं बरं. समजा पानावर एवढंच आहे: ‘वावर म्हणजे शेत’. संगणकाच्या मोजणीत ही पंधरा चिन्हं; काना, मात्रा, हलन्त, मधली जागा, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. तुम्ही शेवटी, म्हणजे पंधराव्या चिन्हानंतर, ‘, रान’ असं जोडलं. त्याच क्षणी शेजारच्यानं सुरुवातीला ‘अहिराणी: ’ घातलं, ती नऊ चिन्हं. त्याचा बदल सर्व्हरवर आधी पोचला आणि तुमचा ‘पंधराव्यानंतर घाल’ हा निरोप जसाच्या तसा लागू झाला, तर पानावर येईल: ‘अहिराणी: वावर म, रान्हणजे शेत’. ‘म्ह’ मधून फुटला आणि त्याचा हलन्त जाऊन ‘रान’च्या न ला चिकटला. हे टाळायचं तर तुमचा पंधरा हा आकडा वाटेतच चोवीस व्हायला हवा. हा बदल करण्याच्या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एलिस आणि गिब्ज या दोघांनी ती 1989 मध्ये मांडली, आणि गूगल डॉक्स आजही त्याच वाटेनं जातं. ऐकायला सोपी आहे. पण ठळक अक्षरं, तक्ते, साचे, चित्रं हे सगळं त्यात आलं की प्रत्येक कृतीचा दुसऱ्या प्रत्येक कृतीशी मेळ घालावा लागतो, आणि तिथं भलेभले अडकलेत.

दुसरी पद्धत सीआरडीटी. तिची रीतसर मांडणी 2011 मध्ये झाली. तिच्यात जागेचा आकडा नसतोच. प्रत्येक चिन्हाला जन्मतःच स्वतःची ओळख मिळते आणि निरोप असा जातो: ‘अमक्या चिन्हाच्या मागे हे बसव.’ पुढे कोणी काहीही घातलं तरी ते चिन्ह तेच राहतं. वायजेएस ही तयार कोडची लायब्ररी याच तत्त्वावर आहे आणि नव्या एडिटरांमध्ये ती खूप दिसते. किंमत अशी की पुसलेल्या चिन्हांचीही काही खूण जपावी लागते, त्यामुळे कागद दिसतो त्यापेक्षा आतून जड होत जातो.

दोन्ही पद्धतींची हमी एवढीच असते की शेवटी सगळ्यांच्या पडद्यावर एकच मजकूर दिसेल. तो मजकूर शहाणा असेल, ही हमी कोणीच देत नाही. एकानं ‘शेत’चं ‘शेती’ केलं, त्याच वेळी दुसऱ्यानं ‘शेतजमीन’ केलं, की दोघांच्या पडद्यावर ‘शेतीजमीन’ येऊ शकेल. गणित बरोबर, कोश चूक. वर कॉन्फ्लिक्टची पाटीही येणार नाही. विकीची ती पाटी तुम्हाला त्रास वाटते, पण दोन माणसांचं एकमत नाही हे ती उघड सांगते, आणि कोशाच्या कामात हे कळणं फार मोलाचं आहे.

देवनागरीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ही एक्स्टेंशनं लिहिणारे ती बहुधा तपासत नाहीत. ‘पोऱ्या’ हा आपला रोजचा शब्द घ्या. कोणाचा कीबोर्ड त्यात नुक्त्याचा ऱ देतो, तेव्हा शब्द सहा चिन्हांचा होतो. कोणाचा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देतो, तेव्हा सात. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच. विकी जतन करताना मजकूर युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणतो, पण त्या रूपांतरानं ही दोन रूपं एक होत नाहीत. शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. तिसराही प्रकार आहे: र आणि नुक्ता सुटे टाइप केलेले. तो मात्र जतन करताना एकाच ऱ मध्ये मिटतो, म्हणजे सात चिन्हांची सहा होतात. लाइव्ह चालू असताना सर्व्हरनं असं परस्पर केलं आणि ब्राउझरला सांगितलं नाही, तर त्यापुढचे सगळे आकडे एकानं सरकतात, आणि वरचा ‘रान्हणजे’चा प्रकार पुन्हा सुरू होतो. म्हणून रूप ठरवायचं ते टाइप होतानाच, प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये. सर्व्हरवर नाही.

मोबाइलवरून लिहिणाऱ्यांचं आणखी एक. इंग्रजी अक्षरांतून मराठी देणारा कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत तो मजकूर स्वतःच्या ताब्यात ठेवतो, खाली रेघ दिसते तो हाच काळ. तेवढ्यात दुसऱ्याचा बदल येऊन त्याच ओळीत घुसला की कीबोर्ड गोंधळतो: शब्द दोनदा उमटतो किंवा अर्धा गायब होतो. चांगला एडिटर शब्द पुरा होईपर्यंत बाहेरचे बदल थोपवून धरतो. तुमचं एक्स्टेंशन हे करतं का, ते बघायला दोन फोन पुरतात.

जाता जाता, इतिहासाचे जुने कागद जपणारं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्याच गावात आहे, म्हणून सांगतो. पुढेमागे कोणी मोडी कागद मोडी लिपीतच उतरवायला घेतले, तर मोडीचं प्रत्येक चिन्ह ब्राउझरच्या मोजणीत दोन धरलं जातं, आणि सर्व्हर पायथन भाषेत लिहिलेला असेल तर तिथं एक. देवनागरीत हा फरक पडत नाही, त्यामुळे चाचणीत तो दिसणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. विकीचा प्राण एडिटर नाही, इतिहास आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिला विकी सुरू केला, विकिपीडिया 2001 मध्ये आला, मराठी विकिपीडिया 2003 मध्ये. या सगळ्या वाटचालीत एक आवृत्ती, एक नाव, एक वेळ आणि बदलाचा एक सारांश हा हिशोब घट्ट बसला. मीडियाविकीत एका आवृत्तीला एकच लेखक लावता येतो. लाइव्ह बैठकीत सहा जणांनी लिहिलं आणि एकानं जतन केलं, तर पाच नावं गेली. तुमच्या कोशात हे फार महाग पडेल. ‘आहे’ या अर्थी एका गावात ‘शे’ म्हणतात, दुसऱ्यात ‘से’. हे कोणी, कुठल्या गावाच्या भरवशावर लिहिलं, यातच त्या नोंदीची किंमत आहे. दोन वर्षांनी कोणी विचारेल, ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत, हे कोणी घातलं?’ तेव्हा उत्तर इतिहासाच्या पानावर मिळायला हवं. आणि मजकूर विकिपीडियासारख्या मुक्त परवान्याखाली ठेवला असेल, तर लेखकांची नावं देणं ही परवान्याचीच अट आहे.

म्हणून जतन करताना सारांशात सगळ्यांची सदस्यनावं घाला, आणि शब्दागणिक वेगळं जतन करा. अख्खा रविवार एका आवृत्तीत कोंबू नका. सारांशाला आता पाचशे चिन्हांची मुभा आहे. पूर्वी 255 बाइट असायचे आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. तुमचा मीडियाविकी फार जुना असेल तर याचसाठी आधी तो अपग्रेड करा.

सर्व्हरचं लवकर आटोपतो. मीडियाविकी पीएचपीवर चालतो: विनंती आली, पान दिलं, काम संपलं. लाइव्हसाठी मात्र जोडणी सतत उघडी लागते, म्हणून शेजारी एक नोडजेएसचा (जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर चालवावा लागतो, आणि ते शेअर्ड होस्टिंगवर सहसा जमत नाही. छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर, घ्या. पुढे विनंत्या घेणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर वेबसॉकेटचे (म्हणजे त्या उघड्या जोडणीचे) हेडर पुढे पाठवायला सांगा आणि वाचनाची मुदत वाढवा. मूळ मुदत साठ सेकंदांची असते, तेवढा वेळ कोणी काही टाइप केलं नाही की जोडणी तुटते. ब्राउझर एकमेकांशी थेट जोडणारी एक्स्टेंशनं सर्व्हरचं ओझं वाचवतात, पण त्यात सगळ्यांचे आयपी पत्ते एकमेकांना कळू शकतात. ओळखीच्या गटात चालेल, उघड्या विकीवर नको. बंदी, पानांचं संरक्षण, गैरवापराची गाळणी हे सगळं विकी जतन करताना तपासतो. लाइव्ह पानावर कोणी घाण टाकली तर ती तपासणीआधीच सगळ्यांना दिसते.

कुठलं घ्यावं? मीडियाविकीच्या विज्युअल एडिटरमध्ये कोलॅबपॅड नावाचं विशेष पान आहे, तेही प्रायोगिकच. त्याची रचना मला पटते: चर्चेचा कागद वेगळा आणि लेख वेगळा, ज्या बदलांचा मेळ बसत नाही ते तो ओढूनताणून जोडत नाही, नाकारतो. तेही जड वाटलं तर सरळ ईथरपॅड हा लाइव्ह लिहिण्याचा स्वतंत्र एडिटर चालवा. 2008 पासून आहे, प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, त्यामुळे सारांशात नावं लिहिताना कोणी काय घातलं ते समोरच असतं. मी असतो तर याच्यापासून सुरुवात केली असती.

धडगाव-अक्कलकुव्याकडचे कोणी रेंज जाते-येते अशा ठिकाणाहून लिहीत असतील, तर त्यांना लाइव्ह पानावर बसवू नका. पाच मिनिटांचा खंड सीआरडीटी सहज भरून काढतं. पण माणूस दुपारभर ऑफलाइन लिहीत राहिला आणि संध्याकाळी त्याचं सगळं लिहिणं दुसऱ्यांनी बदललेल्या मजकुरात मुकाट्यानं मिसळलं, तर ते निस्तरायला रात्र जाते. अशा वेळी विकीचा जुना फॉर्म आणि त्याची कॉन्फ्लिक्टची पाटीच बरी.

बसवल्यावर पहिल्या दिवशी एवढी चाचणी घ्या. दोन फोन आणि एक लॅपटॉप एकाच ओळीवर लावा. तिघांवर वेगवेगळ्या कीबोर्डनं ‘पोऱ्या’ लिहा, मध्येच एका फोनचा डेटा बंद करा, त्यावर एक ओळ लिहून डेटा पुन्हा चालू करा. मग व्हीपीएसवरचा नोड बंद करून परत चालू करा. तिन्ही पडदे अक्षरशः सारखे असतील आणि एकही मात्रा हरवली नसेल, तर येत्या रविवारी कच्च्या पानावर वापरायला हरकत नाही. नसतील, तर कुठल्या पायरीला काय बिघडलं ते इथंच खाली लिहा, एक्स्टेंशनचं नाव आणि आवृत्ती टाकून. मी माझ्याकडे तेच करून बघतो.