अर्थशास्त्राचा उद्देश काय? माणसाच्या भल्याशी त्याचा काही संबंध आहे की नुसता पैशाशी?

संबंध आहे. तो विसरतात ते विषय शिकलेलेच.

परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर अर्थतज्ज्ञ रॉबिन्सची १९३२ ची व्याख्या लिहा: गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, त्यातून करावी लागणारी निवड. पूर्ण गुण मिळतील. माझ्या मोठ्या भावाला मिळाले होते, तो अर्थशास्त्राचा एम.ए. आहे. त्याआधीच्या अर्थतज्ज्ञ मार्शलच्या व्याख्येत 'कल्याण' होतं म्हणून दादा तिला जुनाट म्हणायचा.

आमच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा नोकरी मी सोडली. दादा परगावी. पैसे पाठवायचा, वेळेवर पाठवायचा, ते नाकारत नाही. इकडे दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून भरवताना आधी डोक्याकडची बाजू उंच करायची, सावकाश सोडायचं, शेवटी नळीत पाणी घालायचं आणि लगेच आडवं करायचं नाही. घाई केली की ठसका, आणि ठसक्याचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. चादर बदलायची तीही माणूस पलंगावर असतानाच: एका कुशीवर वळवून जुनी पाठीशी गुंडाळायची, तिथंच नवी अंथरायची, मग दुसरी कूस. हे एकटीनं करून बघा कधी.

वडील गेल्यावर खर्चाची वाटणी ठरवायला दादानं एक्सेल उघडलं. दवाखाना, औषधं, भाड्याचा पलंग, रात्रपाळीचा माणूस, सगळ्यापुढे आकडे. माझ्या नावापुढे जवळजवळ काहीच नाही. म्हणाला, "तुझा पगार बंद झाला हे मान्य, पण खर्च कुठे झाला? तू तर घरीच होतीस." रात्रपाळीचा माणूस रात्री जे करायचा तेच मी दिवसा करत होते. पण त्याचं ते काम, माझी ती माया!

दादाला एकट्याला काय बोलायचं? देशाचं उत्पन्न मोजायचे आंतरराष्ट्रीय नियमही त्याच्याच वळणाचे आहेत. तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल तर ते भाड्यानं दिलं असतं तर किती आलं असतं, हा कधीच हातात न आलेला पैसा जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यात धरतात. त्याच घरात आजाऱ्याची कूस बदलणारीचं काम धरत नाहीत. पगारी माणूस ठेवला की लगेच धरतात. त्यामुळे 'मोजणं अवघड आहे' ही सबब मला सांगू नका. पिगू या अर्थतज्ज्ञानं १९२० मध्येच ही विसंगती दाखवली होती: घरकाम करणाऱ्या बाईशी मालकानं लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं, काम तेवढंच राहूनही! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मध्ये ६४ देशांच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला, तर अशा बिनपगारी कामाचे रोजचे तास निघाले १,६४० कोटी. त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त बायकांचे.

जीडीपी टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणत नाही. महामंदीत उत्पन्न किती घसरलं याचा धड आकडाच अमेरिकन सरकारकडे नव्हता, म्हणून तर कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाला कामाला लावलं. त्यानंच १९३४ च्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. आकडा सगळ्यांनी उचलला, इशारा राहून गेला. पुढे १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक आणला, उत्पन्नाशेजारी आयुर्मान आणि शिक्षण बसवलं. चांगलंच झालं, पण सेवेचे तास त्यातही नाहीत. आणि गरीब देशांत उत्पन्न वाढलं की बालमृत्यू साधारणपणे घटतात, हेही खरं आहे.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर जरूर घ्या. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, भावंडांत खर्च वाटायचा असेल, तर पहिल्या दिवसापासून तासांचाही रकाना ठेवा. रात्रपाळीच्या माणसाचा दर माहीत असतोच, त्यानं गुणा. कुणीतरी म्हणेल, नात्यात कसला हिशेब. दादाही हेच म्हणाला. मग एक्सेल काय मी उघडलं होतं?