सॅटेलाइटवरून झाडांतला ओलावा मोजून वणव्याचा धोका आधीच सांगता येतो का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रकल्पात गडचिरोलीच्या जंगलाचा मार्च महिन्याचा एनडीएमआय, म्हणजे सॅटेलाइटच्या इमेजवरून काढलेला झाडांतल्या ओलाव्याचा निर्देशांक, काढायचा आणि जिथे आकडा खाली तिथे धोका जास्त असा नकाशा करायचा, हे चालेल का. नकाशा तयार होईल, मार्कही मिळतील. पण नकाशा चुकीचा असेल. इतक्या ठामपणे सांगते, कारण अगदी असाच नकाशा आमच्या गावाच्या माथी मारला गेला आणि तो आम्हाला भारी पडला.

मी कुरखेडा तालुक्यातली. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. नागपूरला भूगोल शिकून परत आले तेव्हापासून ग्रामसभेच्या जंगल समितीचं नकाशांचं काम माझ्याकडे आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याला वणवा नियंत्रणाची बैठक होती. बाहेरच्या एका सल्लागार संस्थेचे तज्ज्ञ आले होते. पडद्यावर आमची अख्खी पहाडी लालभडक, आणि गावाजवळची नाल्याकाठची पट्टी हिरवीगार. लाल म्हणजे अतितीव्र धोका, हिरवा म्हणजे सुरक्षित. आगीवर नजर ठेवणारे फायर वॉचर कुठे ठेवायचे, पाला उडवून आग अडवणारे ब्लोअर कुठे द्यायचे, हे सगळं त्यावरून ठरणार होतं.

आमच्या समितीतले एक जुने सदस्य आहेत, सगळं गाव त्यांना काकाजी म्हणतं. ते उठले, पडद्यापाशी गेले आणि सगळ्यात गडद लाल डागावर बोट ठेवलं. म्हणाले, "साहेब, हे त मागच्या महिन्यातच जळून गेलं. आता इथं जळाले काय हाये?" साहेबांनी सांगितलं की डेटा तसं दाखवत नाही. मी उभी राहून विचारलं की फेब्रुवारीची इमेज लावून बघितली का, तर उत्तर आलं, "मॅडम, हे सायन्स आहे, गावगप्पा नाहीत. बसा."

मी रात्री घरी येऊन सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या दोन्ही इमेज काढल्या, जळण्याच्या आधीची आणि नंतरची. बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) १२, ८ए आणि ४ लावले की नुकतं जळलेलं जंगल लपत नाही. तो डाग कडेच्या जाळरेषेपर्यंत (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) येऊन सरळ रेघेत थांबलेला स्पष्ट दिसत होता. गावातल्या पोरांनी आग जिथे अडवली, तीच ती रेघ. जळलेल्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशापैकी नियर इन्फ्रारेड परत येणं कमी होतं, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड वाढतो, म्हणून एनडीएमआय अगदी तळाला जातो. म्हणजे ज्या जागी जाळायला काडी उरली नव्हती, तीच जागा त्या नकाशात सगळ्यात धोक्याची ठरली होती.

बाकीची पहाडी लाल का होती? कारण तो साग आहे. १.६ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश पानातलं पाणी शोषून घेतं, यावर हा निर्देशांक उभा आहे. पण त्यासाठी झाडाला पान असावं लागतं. मार्चमध्ये आमचा साग उघडा पडलेला असतो. २० मीटरच्या पिक्सेलमध्ये फांद्या, मुरूम, दगड आणि खाली पडलेला पाला. तुम्ही जो आकडा मोजता तो पानझडीचा आहे, दुष्काळाचा नाही. दरवर्षी पडतो, पाऊस भरपूर झालेल्या वर्षीसुद्धा. नाल्याकाठी जांभूळ आहे, करंज आहे, त्यांच्या अंगावर पान असतं, म्हणून ती पट्टी हिरवी.

आणि त्याच पट्टीला लागून, शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, गावाची मोहाची झाडं आहेत.

मोह मार्च-एप्रिलमध्ये टपकतो. फुलं पहाटे वेचायची असतात, पाल्यात पडली तर सापडत नाहीत, म्हणून काही जण आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करतात. विझवली नाही किंवा वारा सुटला की ती आग आत शिरते. शिवाय त्याच दिवसांत लोक शेताचे धुरे जाळतात. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बैठकीनंतर माणसं आणि ब्लोअर पहाडीवर गेले. थोड्याच दिवसांत आग लागली ती धुऱ्याकडून, हिरव्या पट्टीच्या कडेने, आणि ग्रामसभेच्या बांबूत घुसली. बांबू म्हणजे आमच्या ग्रामसभेचं उत्पन्न. त्या वर्षीची कटाई गेली. वरून पुढच्या बैठकीत ऐकून घ्यावं लागलं की गावकरी निष्काळजी आहेत. ज्या बायका झाडाखाली आग न लावता झाडूने पाला लोटतात, त्यांना हे ऐकवलं गेलं. त्याचा राग मला अजून आहे.

तर तुमच्या प्रश्नाकडे. कॅलिफोर्नियातल्या झुडपांत किंवा ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीत हिरवं पान झाडावरच असतं, त्यातलं पाणी उतरत जातं आणि तेच पान जळतं. तिथे जिवंत पानातली आर्द्रता सॅटेलाइटवरून काढण्याला अर्थ आहे. आपल्याकडे जळतो तो जमिनीवरचा मेलेला पाला. त्याचा ओलावा हवेवर चालतो. पाव इंचापेक्षा बारीक इंधन तासाभरात हवेशी जुळवून घेतं. पहाटे दवाने नरम असलेलं सागाचं पान दुपारी दोनला हातात चुरतं. दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास वरून जाणारा उपग्रह हे पकडणार कसा? त्यासाठी दुपारचं तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि पाऊस लागतो. हवामानावरून वणव्याचा धोका सांगणारा कॅनडाचा फायर वेदर इंडेक्स याच चार गोष्टींवर चालतो.

सॅटेलाइट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः रोज वापरते. पण महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका. मार्चचा पहिला आठवडा मागच्या वर्षांच्या मार्चच्या पहिल्या आठवड्याशी लावा, तेव्हा कुठे फरकाला अर्थ येतो. जळलेलं क्षेत्र आधी कापून बाजूला काढा. एफएसआयचे (भारतीय वन सर्वेक्षण) किंवा नासाच्या फर्म्स या सेवेचे, उपग्रहाने टिपलेले जुने आगीचे बिंदू घ्या आणि ते रस्ता, धुरा, मोह आणि तेंदूच्या (बिडीच्या पानांच्या) जागांपासून किती लांब आहेत ते मोजा. आमच्या भागात तुमच्या एनडीएमआयपेक्षा हे अंतर जास्त सांगतं. तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणूनही जंगल पेटवलं जातं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूचं उत्पन्नच सोडून दिलं, त्यामागे फांद्या तोडणं आणि आगी लावणं थांबवणं हेच कारण होतं. कुठल्याही उपग्रहाने सुचवलेला उपाय नव्हता तो.

आगीचे बिंदूही डोळे झाकून घेऊ नका. हे बिंदू टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या सेन्सरचा पिक्सेल ३७५ मीटरचा आहे आणि तो दुपारी व रात्री दीडच्या आसपास जातो. संध्याकाळी लागून मध्यरात्रीच्या आत विझलेली आग त्यात येत नाही. बिंदू नाही म्हणजे आग नाही, असं तुमच्या प्रबंधात लिहू नका.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं सागाच्या पानझडी जंगलाबद्दल आहे. मेळघाट किंवा टिपेश्वरच्या गवताळ भागात काम करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे गवत कधी वाळलं हे ऑक्टोबर ते जानेवारीच्या निर्देशांकावरून चांगलं कळतं आणि ते उपयोगाचं आहे. आणि प्रत्येक वणवा मोह वेचणाऱ्यांनी लावलेला असतो असाही अर्थ कोणी काढू नये, रस्त्याकडेला टाकलेली बिडीही पुरते.

काय शिकावं, हे विचारलंत. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिका, देहरादूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंग संस्थेचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत ते करा, नागपुरात एमआरसॅक हे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र आहे तिथे जाऊन विचारा. पान तोडून वजन करा, ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा, आणि तोच आकडा त्याच दिवसाच्या इमेजवर ठेवून बघा. आणि नकाशा छापण्याआधी तो घेऊन एकदा त्या गावात जा. कोणी काकाजी उठून बोट ठेवतील तेव्हा त्यांना बसा म्हणू नका. तो डाग आधी तपासा.