औषधांविषयी वाचकांचे प्रश्न : तीन पट्ट्या, औषध एकच

प्रश्न : माझे पती सातपूर एमआयडीसीत कामाला आहेत. दोन दिवसांपासून ताप, सर्दी आणि भयंकर अंगदुखी आहे. डॉक्टरांनी ६५०ची तापाची गोळी तीन वेळा घ्यायला सांगितली. त्याआधी मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळीही तीन वेळा चालू आहे. अंग फार ठणकतं म्हणून शेजारच्या काकांनी दिलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात. तिन्ही एकत्र चालतील का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. दुखण्याची गोळी आजच बंद करा आणि सर्दीचीही बाजूला ठेवा.

तिन्ही पट्ट्या उलट्या करून वाचा. मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, खाली बारीक अक्षरात घटक आणि त्यांचं प्रमाण. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या जोडीला पॅरासिटामॉल असतं, काहींत ३२५, काहींत ५००. अंगदुखीवर सर्रास दिली जाते त्या गोळीत एसिक्लोफिनॅक १०० आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. आता बेरीज करा. ६५० तीनदा म्हणजे १९५०. सर्दीची ५००वाली असेल तर तीन वेळांचे १५००. दुखण्याच्या दोन गोळ्यांतून ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, रोजची दारू असेल, यकृताचा जुना आजार असेल किंवा तापामुळे दोन दिवस पोटात अन्न नसेल, तर ती मर्यादा आणखी खाली, साधारण २००० ते ३०००वर आणावी लागते.

यामागचं कारण असं. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोड्या भागाचं मात्र विषारी द्रव्य तयार होतं आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते विष मारतं. ग्लुटाथायोनचा साठा ठरावीक असतो, उपाशीपोटी आणि दारू पिणाऱ्यांत आणखी कमी. साठा संपला की विष थेट यकृताच्या पेशींवर जातं. घात असा की पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही नाही. उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून कुणी चुकून जास्त गोळ्या घेतल्या, तर त्रास होण्याची वाट न बघता पट्ट्या हातात घेऊन रुग्णालय गाठायचं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर अंग मोडून येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, आणि एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून निदान होईपर्यंत तापाला आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. तेही ६५०ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, डॉक्टरांना विचारून करून घ्या. ताप उतरला म्हणजे सुटलो असं डेंग्यूत होत नाही. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, अंग गार पडून गुंगी येणं, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका.

आणि क्लोरफेनिरामिननं झोप येते. ती गोळी घेऊन पतींनी मशिनवर उभं राहू नये, दुचाकीही चालवू नये.

प्रश्न : मुलीचं वजन १२ किलो आहे. घरात तापाची तीन औषधं आहेत : एका बाटलीवर १२०, दुसरीवर २५० आणि एक थेंबांची छोटी बाटली. कोणतं किती द्यायचं?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर काढतात. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. १२०चं सिरप म्हणजे ५ मिलीत १२०, त्याचे ७.५ मिली झाले. २५०च्या सिरपचे ३.६ मिली. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० असतं, त्याचे फक्त १.८ मिली. थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर, म्हणजे ५ मिली दिलं, तर एका दमात ५०० मिलिग्रॅम जातं, जवळजवळ तिप्पट. हा गोंधळ रात्री झोपेत होतो. तिन्हींपैकी एकच बाटली ठेवा, त्यावर मार्करनं मिली लिहा, बाकीच्या काढून टाका. घरातले चमचे लहान-मोठे असतात, तेव्हा बाटलीबरोबरचं मापटं किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. निमेसुलाइड असलेलं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : सासरे ६८ वर्षांचे आहेत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करतात, उपास असतो आणि अनवाणी चालतात. शुगरची एकच गोळी आहे, तिच्यात तीन औषधं आहेत असं लिहिलंय. बीपीची गोळीही चालू आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही?
– एक सूनबाई, पंचवटी

उत्तर : हे फेरीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारायचं, आदल्या रात्री नव्हे. डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आधी पट्टी वाचा. त्यावर बहुधा ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असेल.

उपासाला नडतं ते ग्लिमेपिराइड. पोटात काही असो-नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि त्याचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो. उपाशीपोटी रात्रभर चालताना शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिननं तसं सहसा होत नाही. पण एकाच गोळीत तिन्ही असल्यानं ग्लिमेपिराइड तेवढं वगळता येत नाही. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, असं लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नसते, म्हणजे तोही मार्ग बंद. त्या दिवसापुरती वेगळी गोळी किंवा कमी डोस डॉक्टरच लिहून देतील. उलट्या-जुलाब झाले आणि अंगातलं पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिनही त्या दिवशी थांबवावं लागतं, तेही विचारून ठेवा.

शुगर उतरली की घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं सुरू होतं. अशा वेळी लोक पेढा किंवा साखर तोंडात घालतात. व्होग्लिबोज घेणाऱ्याला त्याचा लवकर उपयोग होत नाही, कारण ते आतड्यात साखर फुटूच देत नाही. सासऱ्यांच्या खिशात ग्लुकोजची पावडर हवी. तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात घालून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर लगेच चालू नका. ग्लिमेपिराइडचा अंमल बाकी असतो, केळं, दूध असं काही पोटात जायला हवं. उपास मोडला तरी चालेल. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. बीपीच्या गोळीत मेटोप्रोलॉल असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्याकडे सोबतच्यांनी लक्ष ठेवावं.

फेरीनंतर गुडघे धरतात आणि कुणीतरी डायक्लोफिनॅक पुढे करतं. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, तर ही दुखण्याची गोळी मूत्रपिंडांना फार महागात पडते. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडात येणारं रक्त कमी करतं, टेल्मिसार्टन आतला दाब उतरवतं, हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी घटवतं. त्यात घाम गळालेला. लघवी एकदम कमी होते, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, चढतं. गुडघ्यांना शेक, पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, एवढंच. अनवाणी चालण्याबद्दल मात्र आमचा आग्रहच आहे : जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, काटा रुतलेला कळत नाही. पायताण घालू द्या, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय उजेडात बघा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. रात्री कॅल्शियम आणि केसांसाठी एक गोळी चालू आहे. डोस वाढवूनही टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, खाली येत नाही.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : डोस आणखी वाढवण्याआधी वेळ बदलून बघा. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. कॅल्शियम रात्री आहे ते ठीक. लोह किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर चार तासांचं अंतर ठेवा. हे औषध शरीरात हळूहळू स्थिरावतं, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. केसांच्या गोळीवर बायोटिन लिहिलं असेल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. बायोटिनमुळे आकडेच चुकीचे येऊ शकतात.

प्रश्न : मेडिकलवाले पट्टी कापून देतात. उरलेल्या तुकड्यावर तारीखच नसते. काय करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तारीख आणि बॅच नंबर असलेलं टोक शेवटपर्यंत शिल्लक राहील असं, दुसऱ्या टोकाकडून कापून मागा. ते शक्य नसेल तर कापण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्या आणि बिल मागा, त्यावर बॅच आणि मुदत असते. महिना-वर्ष लिहिलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, उरलेलं पुढच्या तापासाठी राखूनही ठेवायचं नाही.